कलेचे पैसे कुठून येतात, कलाकाराला कसे मिळतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुलांच्या पुस्तकांचं संपादन करते. लेखक, चित्रकार, नाटकवाली पोरं, गाणारे असे बरेच जण ओळखीचे आहेत आणि त्यांच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी फोन करून एकच विचारतो, ‘डोक्यात काम तयार आहे, पैसे कुठून आणू?’ वेळोवेळी दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण खरी मेख तिथेच आहे.

प्रकाशक आहेत, निर्माते आहेत. मग वेगळा मार्ग कशाला हवा?

आहेत, आणि त्यांच्यात चांगली माणसंही आहेत. अडचण हिशेबाची आहे. तीनशे रुपयांचं पुस्तक, पाचशे प्रतींची आवृत्ती आणि दहा टक्के रॉयल्टी धरा. आवृत्ती पूर्ण संपली तर लेखकाच्या हाती येतात १५,००० रुपये. ती संपायला दोन-तीन वर्षं सहज जातात, आणि लिहायला त्याहून जास्त गेलेली असतात. म्हणजे लिहिणारा माणूस स्वतःच्या नोकरीतून, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पगारातून, आपल्याच पुस्तकाला पैसे पुरवत असतो. ज्या घरात असा पगार नाही, त्या घरातलं पुस्तक लिहिलंच जात नाही. मराठीत कोण लिहिणार आणि कोण नाही, हे असं परस्पर ठरून जातं. मला हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो तो यासाठी.

नेहमीची पद्धत विकल्या गेलेल्या प्रतीवर पैसे देते. या पानावरच्या बहुतेक मार्गांत पैसे आधी येतात, काम करण्यासाठी येतात, आणि एका मोठ्या हाताऐवजी पुष्कळ लहान हातांतून येतात.

हे सगळं परदेशी नाही का? आपल्याकडे असं कधी घडलंय?

खूपदा. कीर्तनकाराला बिदागी देणारं गाव तिकीट काढत नव्हतं. आरतीच्या ताटात ज्याला जे जमेल ते पडायचं आणि कीर्तन मात्र सगळ्यांसाठी असायचं. गावच्या जत्रेतला तमाशा आजही पुष्कळ ठिकाणी गावाच्या वर्गणीतून होतो. गावकरी नारायणगावच्या राहुट्यांवर येऊन फडाला सुपारी देतात आणि खेळ बघायला अख्खं गाव बसतं.

छापील कामाचं सर्वांत मोठं उदाहरण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचं. मराठीत ज्ञानकोश करायचा तर लागणारा पैसा कुठल्याही एका प्रकाशकाच्या आवाक्याबाहेरचा होता. केतकरांनी त्यासाठी लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले आणि खंड छापून होण्याआधीच वर्गणीदार गोळा केले. ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे झाले ते अशा आगाऊ विश्वासावर. ‘प्री-ऑर्डर’ हा शब्द मराठीत यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

पण तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. केतकर १९३७ साली गेले आणि त्यांची अखेरची वर्षं आर्थिक ओढगस्तीत गेली. कामाला पैसे मिळाले, काम करणाऱ्या माणसाला पुरेसे उरले नाहीत. आजही लोकांकडून पैसे जमवायच्या मोहिमा फसतात त्या इथेच. छापखान्याचं बिल भागतं, टपालखर्च भागतो, आणि लेखकाच्या नावापुढे शून्य राहतं.

१९७४ साली सुरू झालेल्या ग्रंथालीने वाचकांची चळवळ उभारली आणि पुस्तकं थेट वाचकांपर्यंत नेली. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली त्याच वाटेने आलं. आणि ‘मंथन’ तर सर्वांना आठवत असेल. गुजरातच्या दूध संघांतल्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि १९७६ साली श्याम बेनेगलांचा चित्रपट उभा राहिला. पटकथेत आपल्या विजय तेंडुलकरांचा हात होता. निर्माता म्हणून पडद्यावर शेतकऱ्यांचं नाव आलं आणि तो बघायला गावंच्या गावं निघाली. पैसे देणारा आपोआप प्रेक्षकही होतो, हे इतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. २०२४ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली.

लोकवर्गणीचे प्रकार कोणते?

ढोबळमानाने चार. आगाऊ नोंदणी, म्हणजे वस्तू नंतर, पैसे आधी. देणगी, म्हणजे बदल्यात आभारापलीकडे काही नाही. दरमहा आधार, म्हणजे एखाद्या कामाऐवजी त्या माणसाच्या चालू कामाला वर्गणी. चौथा प्रकार मला सर्वांत सुंदर वाटतो, पण मराठीत तो फारसा कुणी वापरत नाही. एक रक्कम जाहीर करायची आणि ती जमली की काम सगळ्या जगाला मोफत खुलं करायचं.

या चौथ्या प्रकाराची मांडणी १९९९ साली जॉन केल्सी आणि ब्रूस श्नायर या संगणक-सुरक्षेच्या दोन जाणकारांनी केली आणि तिला रस्त्यावरच्या कलाकाराचं नाव दिलं. ते नाव आपल्याला समजावून सांगायला नको. रस्त्यावर कसरती करणारा सगळ्यात अवघड कसरतीआधी थांबतो, थाळी फिरवतो, आणि थाळीत पुरेसं पडलं की ती करून दाखवतो. न देणाऱ्यालाही ती दिसते. तीनच वर्षांनी, २००२ साली, ब्लेंडर या त्रिमित चित्रांच्या सॉफ्टवेअरचं असंच झालं. कंपनी बंद पडली होती. सॉफ्टवेअर सर्वांना खुलं करायचं तर एक लाख युरो हवे होते आणि लोकांनी ते सात आठवड्यांत जमवले. आज आपल्याकडची ॲनिमेशन शिकणारी मुलंसुद्धा ते फुकट वापरतात.

‘ठरलेली रक्कम जमली तरच पैसे घेणार’ ही अट घालावी का?

पुस्तक, फिल्म, अल्बम अशा एकरकमी कामाला जरूर घालावी. किकस्टार्टर हे लोकवर्गणी गोळा करणारं अमेरिकी संकेतस्थळ २००९ पासून याच नियमावर चालतं. रक्कम पुरी झाली नाही तर कुणाच्याच खात्यातून पैसे जात नाहीत. नवख्या माणसाला हा नियम कठोर वाटतो, पण तो दोघांनाही वाचवतो. दोन लाखांचं काम साठ हजारांत करायला घेतलं की पहिला बळी कलाकाराच्या मानधनाचा जातो आणि दुसरा कामाच्या दर्जाचा.

किती रक्कम मागावी?

इथे थोडं थांबूया. मुलांच्या एका चित्रमय पुस्तकाचा हिशेब मांडून दाखवते. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावात आणि तुमच्या कामात बदलतील.

लेखन ४०,०००. चित्रं ६०,०००. संपादन आणि मुद्रितशोधन १५,०००. मांडणी आणि अक्षरजुळणी १५,०००. पाचशे प्रतींची छपाई प्रत्येकी ११० रुपयांनी ५५,०००. तीनशे पार्सलांचं बांधणं आणि टपाल १८,०००. बेरीज २,०३,०००. अडीअडचणीसाठी दहा टक्के धरले की २,२३,०००. त्यावर पैसे गोळा करणाऱ्या संकेतस्थळाचं आणि बँकेच्या व्यवहाराचं कमिशन पाच टक्के धरलं तर आकडा २,३५,००० च्या आसपास जातो.

आता जमा. २८० वाचकांनी ४०० रुपयांनी आगाऊ नोंदणी केली तर १,१२,०००. वीस जणांनी प्रत्येकी २,५०० दिले तर ५०,०००. अजून ७३,००० कमी आहेत. उरलेल्या दोनशे प्रती दुकानांतून विकल्या आणि विक्रेत्याचं चाळीस टक्के कमिशन गेलं तर ४८,००० येतील, पण ते येतील वर्षभराने. तरीही २५,००० चं भोक राहतंच. ते आधीच दिसलं की एखाद्या शाळेला, ट्रस्टला, गावातल्या वाचनालयाला नेमकं तेवढंच मागता येतं. लोक मोघम मदतीपेक्षा नेमकं भोक बुजवायला लवकर तयार होतात.

पहिल्या ओळीतले चाळीस हजार पुसून टाकायचा मोह सगळ्यांना होतो. ‘माझं काय, मी नंतर बघेन.’ तसं करू नका. हिशेब जाहीर करताना ती ओळ सर्वांत वर ठेवा. तिच्यावर आक्षेप घेणारा वाचक मला क्वचितच भेटलाय. आक्षेप असतो तो आपल्याच मनात.

माझी ओळख नाही. मला कोण पैसे देणार?

दादासाहेब फाळक्यांनाही सुरुवातीला कुणी देत नव्हतं. भारतात चित्रपट काढायचा, हे ऐकून भांडवलवाल्यांना काहीच समजत नव्हतं. मग त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावलं, ते रोज थोडं थोडं कॅमेऱ्यात टिपलं, आणि अंकुर वाढत वेल होताना दाखवणारी छोटीशी फिल्म केली. ती बघितल्यावर पैसे देणारा भेटला. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. (त्यातला मोठा वाटा सरस्वतीबाईंच्या दागिन्यांचाही आहे, तो विसरू नये.)

तुमचं वाटाण्याचं रोप कोणतं ते ठरवा. कादंबरीचं पहिलं प्रकरण, दोन पूर्ण रंगवलेली पानं, एका गाण्याचं साधं ध्वनिमुद्रण. लोक कल्पनेला पैसे देत नाहीत, नमुन्याला देतात. आणि आवाहन चव्हाट्यावर आणण्याआधी ओळखीच्या पंधरा-वीस जणांकडून पैसे खरोखर जमा करून घ्या. शून्यावर असलेल्या मोहिमेत पहिला पैसा टाकायला अनोळखी माणूस बिचकतो.

दरमहा वर्गणीवर घर चालेल का?

केव्हिन केली या अमेरिकी लेखकाने २००८ साली ‘एक हजार सच्चे चाहते’ हा हिशेब मांडला. प्रत्येकाने वर्षाला शंभर डॉलर दिले तर कलाकार जगतो. २०१३ साली निघालेलं पेट्रिऑन हे कलाकारांसाठी दरमहा वर्गणी गोळा करणारं संकेतस्थळ याच वाटेवरचं. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. तेव्हा हजार माणसं म्हणजे काय, असं कुणालाही वाटेल.

प्रत्यक्षात हजार फार असतात. माझ्या अनुभवात मराठीतल्या एकट्या लेखकाला किंवा चित्रकाराला दोन-तीन वर्षं नेमाने काम केल्यावर पन्नास ते दोनशे नियमित देणारे मिळतात. दीडशे जणांचे दरमहा शंभर म्हणजे १५,०००. त्यावर घर चालत नाही, पण महिन्यातले आठ दिवस मोकळे होतात. नोकरीतली एखादी जास्तीची पाळी, एखादी नकोशी शिकवणी सोडता येते. हा मार्ग निवडायचा तर एवढ्या अपेक्षेने निवडा. दर महिन्याला काहीतरी द्यावं लागतं, हेही लक्षात ठेवा. कादंबरीसारखं आतल्या आत मुरणारं काम करणाऱ्याला तो रेटा झेपत नाही. व्यंगचित्र, पॉडकास्ट, लेखमाला करणाऱ्यांना झेपतो.

तांत्रिक अडचण एक आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांसाठी नियम कडक केले आणि परदेशी संकेतस्थळांना भारतीय कार्डांवरून जाणाऱ्या बऱ्याच वर्गण्या अडल्या. देणारे मुख्यतः भारतात असतील तर यूपीआय ऑटोपे चालणारी भारतीय सोय पाहा.

सरळ माझा क्यूआर कोड दिला तर?

चालतो. कमिशन वाचतं आणि गावाकडच्या वाचकालाही सोपं जातं. फक्त या कामासाठी बँकेत वेगळं खातं उघडा. किराण्याचे आणि पुस्तकाचे पैसे एकाच खात्यात आले की तीन महिन्यांनी तुमचं तुम्हालाच काही कळत नाही. आणि दर महिन्याला जमा-खर्च चार ओळींत सगळ्यांना कळवा. गणपती मंडळाच्या फळ्यावर हिशेब लावतात ना, तसा.

आगाऊ पैसे घेणं म्हणजे शेवटी उचलच ना?

हा प्रश्न मला तमाशात काम केलेल्या एका बाईंनी विचारला होता आणि तो अगदी रास्त आहे. फडात उचल घेतलेला कलावंत हंगामभर बांधला जातो. फिटली नाही तर पुढच्या हंगामातही. उचल एका माणसाकडून येते आणि ती फिटेपर्यंत त्या माणसाची तुमच्यावर सत्ता असते.

वर्गणी तीनशे जणांकडून येते. त्यातल्या कुणा एकाचा तुमच्यावर हुकूम चालत नाही, चालू देऊही नये. म्हणून एकट्या देणगीदाराकडून एकूण रकमेच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त घेऊ नका, असं मी सांगते. एका मोठ्या देणगीदाराने माझ्या एका लेखक मित्राला ‘शेवट जरा गोड करा’ असं सुचवलं होतं. पैसे परत करायला तेव्हा मित्राकडे काही उरलं नव्हतं. शेवट गोड झाला.

पैसे देणाऱ्यांना नफ्यात वाटा देऊ असं जाहीर करू का?

करू नका. वस्तूची आगाऊ विक्री वेगळी, देणगी वेगळी, आणि नफ्याचं आमिष दाखवून लोकांकडून पैसे घेणं वेगळं. तिसऱ्या प्रकारात सेबीचे नियम, कंपनी कायदा आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा यांतलं काहीतरी आडवं येण्याची शक्यता असते. चार-पाच भागीदारांनी लेखी करार करून पैसे घालणं ठीक आहे. समाजमाध्यमावर सगळ्यांना ‘या, भागीदार व्हा’ म्हणणं ठीक नाही.

अमेरिकेतल्या मावशीच्या मंडळाला देणगी द्यायची आहे. घ्यावी का?

देणगी म्हणून घेण्याआधी एखाद्या जाणकार सीएला विचारा. परकीय योगदान नियमन कायदा २०१० सालचा आहे आणि तो लहान संस्थांनाही लागू होतो. नोंदणी झालेल्या नियतकालिकाचे संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक, स्तंभलेखक आणि व्यंगचित्रकार यांना तर परकीय देणगी घ्यायला बंदीच आहे. दिवाळी अंक काढणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना हे ठाऊक नसतं. नेहमीच्या व्यवहारात मालाचे किंवा सेवेचे पैसे घेणं ही वेगळी गोष्ट. म्हणून मंडळाने देणगी देण्याऐवजी पन्नास प्रती विकत घ्याव्यात, किंवा लेखकाचं ऑनलाइन सत्र ठेवून त्याचं मानधन द्यावं. सगळ्यांनाच ते सोपं पडतं.

कर भरावा लागतो का?

हो. तुम्ही त्याला प्रेम म्हणा, वर्गणी म्हणा, कामाच्या बदल्यात आलेले पैसे उत्पन्नच असतात. खर्चाच्या पावत्या जपून ठेवा, म्हणजे कर उरलेल्या पैशांवर लागेल. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. जुनी करपद्धत निवडणाऱ्या लेखकाला ग्रंथाच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट मिळू शकते, मात्र शालेय पाठ्यपुस्तकं आणि गाइडं त्यात येत नाहीत.

पैसे मिळाले, पण करारात सगळे हक्क लिहून मागतायत. देऊ का?

या एका प्रश्नासाठी हे सगळं लिहिलं असं म्हटलं तरी चालेल. आज मिळालेल्या वीस हजारांच्या बदल्यात पुढच्या पन्नास वर्षांचं उत्पन्न सोडून दिलेले चित्रकार मी पाहिले आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. तुम्ही सही करता ती नातवंडांच्याही वतीने.

आपला कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने बरंच काही बोलतो, तो वाचत मात्र कुणी नाही. हक्क हस्तांतरित करायचे तर करार लेखी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं काही म्हटलं नसल्यास, तो परत येतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं त्याचे हक्क नेमका उल्लेख केल्याशिवाय जात नाहीत. त्याच दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना आणखी मोठी गोष्ट दिली. चित्रपटातलं गाणं थिएटरबाहेर वाजलं, रेडिओवर, टीव्हीवर, मोबाइलवर, की त्यांच्या वाट्याची रॉयल्टी त्यांचीच. ती निर्मात्याला लिहून देताच येत नाही. ती गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ सालची आहे. गीत लिहिणाऱ्याने, चाल बांधणाऱ्याने तिचं सभासद व्हावं. मराठी गीतकारांपैकी अनेकांनी हे अजून केलेलं नाही, याचं वाईट वाटतं.

चित्रकारांनी आणि छायाचित्रकारांनी अधिक सावध राहावं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून पैसे घेऊन काढलेलं चित्र किंवा फोटो, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याच्या मालकीचा ठरू शकतो. लेखकापेक्षा उलटी स्थिती. म्हणून साध्या ईमेलवर विसंबू नका, एका पानाचा का होईना, लेखी सह्यांचा करार करा : ‘या पुस्तकाच्या मराठी छापील आवृत्तीसाठी, इतक्या वर्षांकरता. मूळ चित्र आणि बाकीचे हक्क माझ्याकडे.’

पैसे जमले की काम मोफत खुलं करावं का?

सगळंच नाही. पण ज्या कामाचं मानधन आधीच मिळालंय, ते अडवून ठेवून फार काही हाती लागत नाही. शाळेत वापरायची गोष्ट, लोकगीतांचं ध्वनिमुद्रण, एखाद्या बोलीचा शब्दसंग्रह अशा गोष्टी खुल्या झाल्या की दूरवर जातात. त्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत. नाव द्यायलाच हवं, धंद्यासाठी वापरू नये, बदल करू नये, अशा अटी हव्या तशा निवडता येतात. कादंबरी, नाटक यांचे हक्क मात्र सांभाळा. त्यांच्यातून पुढे अनुवाद, चित्रपट, प्रयोग निघतात.

सरकारी अनुदानाचं काय?

घ्यावं. तो आपलाच पैसा आहे. साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना कित्येकांच्या पहिल्या पुस्तकाला कामी आली आहे. वाईतून उभा राहिलेला मराठी विश्वकोश आज कुणालाही इंटरनेटवर मोफत वाचता येतो. लोकांच्या पैशाने लोकांसाठी केलेलं काम कसं असावं याचा तो उत्तम नमुना आहे. वृद्ध साहित्यिक-कलावंतांना राज्य सरकारकडून दरमहा मानधन मिळतं, तेही आपल्या गावातल्या एखाद्या शाहिराला, सोंगाड्याला मिळतंय का हे बघा. अर्ज भरायला माणूस नसतो म्हणूनच पुष्कळांचं राहून जातं.

पण समिती म्हटली की कोण बसलंय त्यावर सगळं ठरतं. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं होतं. पेशवाईतल्या दक्षिणेच्या पैशातूनच मराठी ग्रंथांना बक्षीस देणारी ही कमिटी. तिने नाटक नाकारलं. त्या वर्षी बक्षिसं मिळालेल्यांची नावं आज कुणाला आठवतात? एकाच दारावर विसंबू नये, ते यासाठी.

परदेशात एक वेगळा प्रयोग झालाय. आयर्लंडने २०२२ पासून दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो दिले. त्यांच्याकडून अमुक पुस्तक, तमुक चित्र असं काही मागितलं नाही. निवड गुणांच्या परीक्षेने न करता, पात्र अर्जांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली. फुल्यांच्या नाटकाचं काय झालं हे माहीत असलेल्या माणसाला यातलं शहाणपण लगेच कळेल.

वाचनालयातून माझं पुस्तक शंभर जणांनी वाचलं. मला काही मिळतं?

भारतात नाही. डेन्मार्कने १९४६ साली पहिल्यांदा असे पैसे द्यायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये १९७९ साली कायदा झाला आणि १९८४ पासून लेखकांना दर वाचनामागे काही पेन्स मिळतात. एका लेखकाला वर्षाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड, म्हणजे खपाऊ लेखकच सगळं घेऊन जात नाहीत. पैसे सरकार देतं, वाचकाला काही पडत नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालय कायदा आहे आणि अनुदानित ग्रंथालयं हजारोंनी आहेत. मराठी पुस्तकांचं खरं वाचन तिथे होतं. ही मागणी साहित्य संमेलनाच्या मांडवातून जोरात व्हायला हवी.

गाणं लाखभर लोकांनी ऐकलं, हाती चारशे रुपये आले. असं का?

बहुतेक स्ट्रीमिंग कंपन्या सगळ्यांची वर्गणी एका रांजणात ओततात आणि एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटतात. तुम्ही महिनाभर फक्त एका गोंधळ्याचे गोंधळ ऐकले तरी तुमचे पैसे जास्त करून मोठ्या गाण्यांकडे जातात. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षाला हजाराहून कमी वेळा वाजलेल्या गाण्याला त्यातून काहीच मिळत नाही. ज्याची वर्गणी त्याने ऐकलेल्यांनाच वाटायची, ही पद्धत साउंडक्लाउडने २०२१ साली सुरू केली आणि ती मला न्याय्य वाटते. तोवर लहान गायकाने स्ट्रीमिंगला जाहिरात समजावं आणि पैसे कार्यक्रमातून, शिकवण्यातून, थेट वर्गणीतून आणावेत.

पैसे घेतले आणि काम वेळेत झालं नाही तर?

सांगा. लगेच सांगा. आमच्या एका पुस्तकाला सात महिने उशीर झाला. चित्रकार आजारी होती. पहिले दोन महिने मी लोकांना काहीच कळवलं नाही आणि ती चूक माझी. तिसऱ्या महिन्यात खरं कारण, झालेली सहा पानं आणि ‘ज्यांना हवे त्यांचे पैसे परत’ असं लिहिलं. तीनशेंपैकी चौघांनी परत मागितले. बाकीच्यांपैकी कितीतरी जणांनी चित्रकाराच्या तब्येतीची चौकशी केली.

मानधन मागायला संकोच वाटतो. कसं मागू?

कार्यक्रमाचं, लेखाचं, मुखपृष्ठाचं बोलावणं आलं की होकाराच्या त्याच निरोपात विचारा, नंतर नाही. मी नव्या मुलांना हा मजकूर देते, तुम्हीही वापरा :

‘नमस्कार. आठवणीने बोलावलंत, आनंद झाला. काम करायला मला आवडेल. त्याला साधारण चार दिवस लागतील. या कामाचं मानधन किती ठरवलं आहे आणि ते केव्हा मिळेल, तेवढं कळवा. चित्राचे हक्क माझ्याकडे राहतील आणि या अंकापुरती वापरायची परवानगी मी देईन. प्रवासखर्च वेगळा धरला आहे ना?’

समोरून ‘बजेट नाही, पण प्रसिद्धी मिळेल’ असं आलं, तर मांडववाल्याला, छापखान्याला आणि चहावाल्याला किती दिले ते नम्रपणे विचारा. त्यांना दिले असतील तर तुमचीही ओळ त्या यादीत लिहायला सांगा.